आल्बिनमास्तरांची शेवटची शोपका

१

डिसेंबरचा पहिला गुरुवार हा क्राकूवमधला वर्षातला सगळ्यात देखणा दिवस, यावरून लेओकाद्या स्रोका कोणाशीही भांडायला तयार असायच्या. उभी हयात पोलिसांच्या तपासखात्यात गेलेली, त्यामुळे भांडायची सवय होतीच. त्या दिवशी त्या ठेवणीतली तांबडी लोकरी टोपी घालायच्या, गुडघ्यांना दोन शिव्या हासडायच्या आणि मोठ्या चौकाची वाट धरायच्या. गावभरचे कारागीर आपापल्या शोपका घेऊन चौकातल्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर यायचे. शोपका म्हणजे येशूच्या जन्माचं मखर. पण मखर तरी कसलं! पुठ्ठा, लाकडाच्या काड्या आणि चॉकलेटवरची बेगड, एवढ्या भांडवलावर उभं केलेलं सबंध शहर. मारियाच्या चर्चचे मनोरे त्यात, राजवाड्याचा सोनेरी घुमट त्यात, कापडबाजाराच्या कमानीसुद्धा त्यात. करड्या आभाळाखाली, ताज्या बर्फात ते सगळं झगमगायला लागलं की स्रोकाबाईंसारख्या खडूस बाईचेही डोळे पाणावायचे. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "थंडी आहे, दुसरं काय!"

यंदा त्यांच्या गळ्यातला मफलर अजून बांधून झाला नव्हता, तोच खालच्या अंगणातून आरोळी आली.

"गेली! स्रोकाबाई, गेली हो!"

अंगणात आल्बिनमास्तर उभे होते. डोक्याला टोपी नाही, पायात घरातल्या सपाता, आणि पांढऱ्या मिशीवर बर्फाचे कण. त्यांच्यामागे कारखान्याचं दार सताड उघडं. कारखाना कसला, जिन्याखालची खोलीच ती. आत लांबलचक टेबल होतं, त्यावर बेगडीचे कपटे होते, आणि ज्या जागी वर्षभर शोपका वाढत होती ती जागा मोकळी होती.

"काल होती?" स्रोकाबाईंनी विचारलं.

"पहाटेपर्यंत होती! मी इथंच खुर्चीत झोपलो. मग वर जाऊन फेलाला खीर भरवली, खाली आलो, तर ही अशी."

"कुलूप?"

"लावून गेलो होतो. किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली."

"म्हणजे चोराच्या हातातच दिलीत की!"

मास्तरांचे हात थरथरत होते, पण ते तर हल्ली नेहमीच थरथरत. त्या थरथरीपायीच त्यांनी यंदा जाहीर करून टाकलं होतं, की ही माझी शेवटची. आयुष्यभर शोपका केल्या, पहिला नंबर काही आला नाही, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. पण शेवटची शोपका पायऱ्यांवर लागलीच पाहिजे होती. दुपारी बाराची तुतारी वाजायच्या आत जी पायऱ्यांवर नाही, ती यंदाच्या मिरवणुकीत नाही. हा नियम मास्तरांच्या बापाच्या वेळेपासूनचा, आणि तो कोणासाठीही मोडत नसत.

"सरसाचा डबाही नेला मेल्यानं," मास्तर म्हणाले. "अन् माझं बारीक पातं."

"अहो, महाल गेला, नि तुम्ही डब्याचं काय घेऊन बसलात! शोपका दिसायला कशी होती ते सांगा."

मास्तरांनी मान हलवली. "ते नाही सांगणार."

"काय?"

"कोणालाच दाखवली नाही यंदा. आधी फेलानं बघायची, मग जगानं. तशी सोय मी केली होती."

स्रोकाबाईंनी कपाळावर हात मारला. चोरीला काय गेलं ते न सांगणारे फिर्यादी त्यांनी पाहिले होते, पण ते बहुधा स्वतःच चोर असत. त्या दाराशी गेल्या, हात पसरून चौकटीचं माप घेतलं आणि टेबलावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"मास्तर, या दारातून ती निघाली कशी?"

"कळस सुटा होतो. मागच्या बाजूला खुंटी आहे, ती ओढायची, मग बाकीची आडवी करून काढायची. ज्याला खुंटी ठाऊक नाही, त्याला दार फोडल्याशिवाय नाही निघायची."

"आणि खुंटी कोणाकोणाला ठाऊक आहे?"

मास्तरांनी मान वर करून आपल्याच घराच्या खिडकीकडे पाहिलं.

२

वरच्या मजल्यावर मास्तरांची भाची बोझेना मामीचे, म्हणजे फेलाबाईंचे, केस विंचरत होती. बोझेना नव्या वसाहतीत राहायची आणि आठवड्यातून निम्मे दिवस इथं राबायची. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि तोंडाला फाटक नाही.

"चोरीला गेली? बरं झालं!" ती म्हणाली. "माझ्याकडे काय बघताय? मी नाही नेली. पण नेणाऱ्याला मी जेवायला बोलावीन. वर्षभर त्या गारठ्यात बसून सरस उकळायचा, खोकायचं, नि मग माझ्याकडून औषधं आणवायची! लिफ्टवाल्या घरात चला म्हणून कानीकपाळी ओरडतेय, पण ऐकतंय कोण?"

"खुंटीचं तुला ठाऊक आहे?"

"दर वर्षी ते धूड बाहेर काढायला एका बाजूनं मीच तर धरते! ठाऊक नसून कसं चालेल?"

पलंगावरून खुसखुस ऐकू आली. फेलाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्यांचा पलंग खिडकीला लावलेला होता, आणि त्यांचं जग म्हणजे ती खिडकी. तिच्यातून धाकटा चौक दिसायचा. उतरत्या छपरांवर बर्फ साचलेला, धुराड्यांतून धूर, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर चर्चचे दोन मनोरे, एक उंच आणि एक बुटका. स्रोकाबाई इतकी वर्षं त्या घरात ये-जा करत होत्या, तरी त्या खिडकीशी आल्या की दर वेळी एक क्षण बोलायचं विसरत.

"लेओकाद्या, टोपी झकास आहे गं," फेलाबाई म्हणाल्या. "आगीचा बंब दिसतेस."

"तुझ्या नवऱ्याच्या घरात आग लागलीय, म्हणून आले. शोपका गेली, कळलं ना?"

"कळलं. गेली तर सापडेल. क्राकूवमध्ये शोपका कोणी खात नाही." मग त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "आता उंच मनोऱ्यातला तुतारीवाला वाजवेल बघ, दर तासासारखी चार दिशांना. पहिली तुतारी राजाला, दुसरी नगरपालिकेला, तिसरी वेशीवरच्या पाहुण्यांना. आणि चौथी, सगळ्यांत शेवटची, मला. वाजवून झाली की हातसुद्धा हलवतो. आल्बिनला सांगू नकोस, जळेल."

"फेला, मास्तरांची शोपका तू पाहिलीस का गं?"

"यंदाची? छे! दाखवतोय कुठे! छान करतो हो शोपका, हात सोन्याचा आहे. फक्त मनोरे उलटे लावतो. लग्न झाल्यापासून सांगतेय, पण ऐकेल तर शपथ."

बोझेनानं फेलाबाईंच्या पाठीमागून स्रोकाबाईंकडे पाहून कानशिलाजवळ बोट फिरवलं. स्रोकाबाईंनीही समजुतीनं मान हलवली. आल्बिनमास्तर आणि उलटे मनोरे! सूर्य पश्चिमेला उगवला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पहाटे काही ऐकलंस?"

"ऐकलं की. बोझेना अजून यायची होती. आल्बिन स्वयंपाकघरात खीर ढवळत होता, आणि खाली बर्फावरून घसरगाडी ओढल्यासारखं झालं. सर्र, सर्र, सर्र. आणि कोणीतरी नाक ओढत होतं."

"सर्दी झालेलं?"

"नाही गं. सर्दीचं नाक वेगळं." फेलाबाईंनी पांघरूण नीट केलं. "रडत होतं बिचारं."

३

रडणारा चोर! स्रोकाबाई जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटल्या. चोर पकडला गेल्यावर रडतो. चोरी करतानाच कोण रडतं?

तरी जुन्या सवयीप्रमाणे आधी त्या जिथे पैशाचा वास होता तिथे गेल्या. कापडबाजारात हालामाशेठचं दुकान होतं. अंबरच्या माळा, कोरीव डबे, मेंढीच्या कातड्याच्या सपाता असला माल. गेल्या महिन्यात हा माणूस मास्तरांच्या कारखान्यात येऊन एका परदेशी गिऱ्हाइकासाठी शोपका मागून गेला होता आणि मास्तरांनी त्याला सपात उगारून बाहेर काढलं होतं.

कमानीखाली पाऊल टाकताच स्रोकाबाईंना बरं वाटलं. बाहेर गोठवणारा वारा आणि आत दिव्यांचा पिवळा उजेड, मेणाचा नि लाकडाचा वास. शेकडो वर्षं लोक इथं एकमेकांना फसवत आलेत, पण काय सुंदर जागी फसवतात, असं त्यांना दर वेळी वाटायचं.

"बाईसाहेब! या, या," हालामाशेठनं हात पसरले. "अंबर दाखवू? तुमच्या टोपीवर खुलून दिसेल."

"शोपका दाखव."

"कुठली?"

"जी तुझ्या टेबलाखाली आहे ती."

शेठनं निमूटपणे टेबलावरचं कापड उचललं. खाली खोकी होती आणि एक झोपलेलं मांजर.

"आल्बिनमास्तरांची गेली, ते ऐकलं मी," तो म्हणाला. "सगळ्या चौकात बोभाटा झालाय. आणि तुमचा संशय माझ्यावर, तेही कळतंय. पण बाईसाहेब, मी लबाड आहे, वेडा नाही! कापडात गुंडाळलेली होती, तरी मी नजरेनं माप घेतलं, दाराचंही घेतलं. ती वस्तू त्या दारातून बाहेर येतच नाही. तोडल्याशिवाय अशक्य. मी मास्तरांना म्हटलंसुद्धा, दार पाडून नेईन, पाडायचा खर्च माझा. त्यावर ते हसायला लागले. मग सपात काढली."

"हसले?"

"खदाखदा. का हसले ते मला आजवर कळलेलं नाही."

स्रोकाबाईंना मात्र कळलं. खुंटीचं गुपित शेठला ठाऊक नव्हतं. त्यानं चोरी केली असती तर दाराची चौकट तरी उखडली असती नाहीतर शोपकेचा चुरा तरी पडला असता. दाराला साधा ओरखडा नव्हता.

"निघते मी," त्या म्हणाल्या. "मांजराला ऊन दाखव जरा. तुझ्यासारखं पांढरंफटक झालंय."

त्या बाहेर पडल्या तोच डोक्यावरच्या मनोऱ्यातून तुतारी सुरू झाली. अकरा वाजले होते. चारही दिशांना वाजून ती नेहमीसारखी अर्ध्या सुरात तुटली; फार पूर्वी वाजवता वाजवता बाण लागलेल्या पहारेकऱ्याची ती आठवण.

४

पायऱ्यांवर जनसागर लोटला होता. शाळेची पोरं, पर्यटक, पेटीवाले, खसखस लावलेली पावाची कडी विकणाऱ्या बाया. आणि पायरीपायरीवर शोपका, लाल, निळ्या, हिरव्या, सोनेरी. एक तर एवढी चिमुकली की अक्रोडाच्या कवचात बसवलेली. स्रोकाबाईंनी ठरवलं होतं, आज बघायचं नाही, आज काम आहे. तरी बघितलंच.

सगळ्यांत जास्त गर्दी रेमेकच्या शोपकेसमोर होती. तिच्यात खरे दिवे लागत, बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे गोल फिरत आणि क्राकूवच्या दंतकथेतला ड्रॅगन तोंडातून धूर सोडी. गेली काही वर्षं पहिला नंबर रेमेकचाच होता. रेमेक हा आल्बिनमास्तरांचा एकुलता एक चेला. शाळकरी वयात त्यांच्याकडे आला नि त्यांच्या हाताखाली मोठा झाला. मग त्यानं शोपकेत पहिल्यांदा मोटर बसवली, तेव्हा मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मखर आहे की आगगाडी?" तेव्हापासून दोघांत अबोला.

"मावशी, मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात," रेमेक म्हणाला. धिप्पाड गडी, पण डोळे लालभडक होते. बाहीवर सोनेरी बेगडीचा कपटा, अंगठ्यावर वाळलेला सरस. अर्थात त्या दिवशी पायऱ्यांवरच्या प्रत्येकाच्या अंगठ्यावर सरस होता.

"डोळ्यांना काय झालं?"

"थंडी आहे."

स्रोकाबाईंनी हे उत्तर कुठंतरी ऐकलं होतं. "पहाटे कुठे होतास?"

"इथंच. किंगाला टपरी उघडून द्यायची होती." किंगा ही त्याची बायको. चौकातल्या नाताळच्या जत्रेत तिची गरम वाइनची टपरी होती.

"मास्तरांचा तुला राग असेल ना?"

"राग?" रेमेक एकदम हसला. "मावशी, मला आजही शोपका करताना बोटांवर त्यांची पट्टी बसते. 'उंच मनोरा डावीकडे! चर्चसमोर उभा राहून बघ, गाढवा, डावीकडे!' झोपेत उठवून विचारलंत तरी हात डावीकडेच जाईल. मला जे येतं ते सगळं त्यांचं आहे." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "म्हणून सांगतो, शोधू नका. बारा वाजून जाऊ द्या. त्यांचे हात आता राहिले नाहीत, नजरही गेलीय. आयुष्यभर ज्या माणसाला हा चौक टोपी काढून नमस्कार करत आला, तोच चौक आज त्यांना हसला असता. ते मला बघवलं नसतं."

"हं," स्रोकाबाई म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.

दहा पावलं गेल्या असतील. पावाच्या कड्याचा पहिला घास तोंडात होता. तो तसाच राहिला.

मास्तरांनी शोपका कोणालाही दाखवली नव्हती. बायकोला नाही, भाचीला नाही, शेजारणीला नाही. मग चौक हसला असता, हे याला कसं कळलं?

त्या गर्रकन वळल्या. रेमेकच्या शोपकेत राजे फिरत होते, ड्रॅगन धूर सोडत होता, पण शेजारी रेमेक नव्हता.

५

त्या धावल्या नाहीत. गुडघ्यांनी परवानगी दिली नसती. त्या किंगाच्या टपरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, एक पेला गरम वाइन मागितली आणि मनातल्या मनात एकेक धागा सोडवायला लागल्या.

खुंटी ठाऊक असलेले तिघे. मास्तर स्वतः, बोझेना आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला रेमेक. बोझेनाला शोपका नकोच होती. तिनं नेली असती तर नेली असती, पण सरसाचा डबा आणि पातं कशाला नेलं असतं? ज्याला एखादी वस्तू विकायची किंवा मोडायची आहे, तो सरस नेत नाही. सरस नेतो तो काम करायला बसणारा. नेहमीचा डबा नेतो, कारण त्या बेगडीला तोच सरस लागतो हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे चोराला शोपका लपवायची नव्हती, दुरुस्त करायची होती. आणि चोरताना तो रडत होता, कारण आपल्या मास्तरांच्या हातून काय झालंय ते त्यानं पाहिलं होतं.

पण काय झालं होतं?

त्यांनी पेला तोंडाला लावला. लवंग, दालचिनी, संत्र्याची साल. आणि त्याखाली आणखी काहीतरी, उकळत्या हाडांसारखं.

"किंगा," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आज वाइनमध्ये सरस घातलास वाटतं?"

किंगाच्या हातातली पळी खाली पडली. स्रोकाबाईंनी काउंटरची फळी उचलली, आत शिरल्या आणि मागचा पडदा बाजूला केला.

पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, पिंपांच्या मधोमध, आल्बिनमास्तरांची शोपका उभी होती.

स्रोकाबाई बघतच राहिल्या. ना दिवे, ना मोटर. पण एवढ्याशा कंदिलाच्या उजेडात ती अशी चमकत होती, की त्या टपरीत आणखी कोणाला उभं राहायला जागाच नाही असं वाटावं. थरथरत्या हातांनी हे केलं होतं, यावर विश्वास बसत नव्हता. आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर रेमेक बसला होता. हातात मास्तरांचं पातं, आणि मांडीवर, तान्ह्या पोरासारखा, कापून काढलेला उंच मनोरा.

"मी काल संध्याकाळी गेलो होतो," तो म्हणाला. "शेवटची शोपका आहे म्हणून ऐकलं. पाया पडून यावं म्हटलं. मास्तर खुर्चीत झोपले होते आणि कापड सरकलं होतं. बघा ना मावशी! उंच मनोरा उजवीकडे! आल्बिन कुझेयानं उंच मनोरा उजवीकडे लावला! पुढची भिंतही बघा, सपाट हवी ती गोल झालीय. दरवाजाच नाही. हात थरथरला असणार, नजर चुकली असणार. हे लोकांनी बघितलं असतं तर? मी अदलाबदल करून, बाराच्या आत गुपचूप पायऱ्यांवर ठेवणार होतो. त्यांना कळलंही नसतं. पण पहाटेपासून बसलोय आणि हात चालत नाही. हा एक कापला, तर वाटलं मास्तरांचंच काहीतरी कापलं. म्हणून मघाशी तुम्हाला म्हटलं, जाऊ देत बारा वाजून."

त्यानं पातं पुन्हा उचललं. आता बुटका मनोरा.

स्रोकाबाई गोल भिंतीकडे बघत होत्या. दरवाजा नसलेली, गोल, उंच खिडक्यांची भिंत. तिच्या पायाशी बर्फाची छपरं. आणि खालच्या रांगेत, जिथं इतरांच्या शोपकेत राजे आणि ड्रॅगन असतात, तिथं टोपल्या मांडून बसलेल्या बाया. त्यातली एक सफरचंदवाली वर मान करून तुतारीवाल्याला हात हलवत होती.

ही भिंत, ही छपरं त्यांनी पाहिलेली होती. आज सकाळीच पाहिली होती. एका पलंगाशेजारच्या खिडकीतून.

*लग्न झाल्यापासून सांगतेय, पण ऐकेल तर शपथ.*

"थांब!" त्या अशा ओरडल्या की बाहेरच्या गिऱ्हाइकाची वाइन सांडली. "गाढवा, पातं खाली ठेव! मास्तर चुकलेले नाहीत!"

६

किंगा धावत जाऊन मास्तरांना घेऊन आली. त्यांनी मनोरा पाहिला, रेमेकला पाहिलं, आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"धाकट्या चौकातून चर्चची पाठ दिसते, मास्तर," रेमेक खाली मान घालून म्हणाला. "पाठीमागून बघितलं की उंच मनोरा उजवीकडे येतो. मी... मी कधी त्या बाजूनं बघितलंच नाही."

"बघशील कसा? मीच बघू दिलं नाही." मास्तर पिंपावर बसले. "पट्टी मारून मारून शिकवलं ना डावीकडे, डावीकडे म्हणून. इतकं पक्कं शिकवलं की गुरू उलटा चालला तरी चेला हटायचा नाही. फेला त्या चौकात सफरचंदं विकायची. तिथंच मला भेटली. दर वर्षी म्हणायची, तुझं चर्च पाहुण्यांचं आहे, आपलं चर्च हे. मी हसण्यावारी न्यायचो. आता ती खिडकीपलीकडे जाऊ शकत नाही, तेव्हा मला अक्कल आली." त्यांनी हात पुढे केला. "सरस गरम आहे का?"

"आहे."

"मग रडतोस काय? लाव!"

मास्तरांनी जागा दाखवली आणि रेमेकनं मनोरा बसवला. सरस पुरता धरायला वेळ लागतो आणि वेळच तर नव्हता. शेवटी रेमेकनं मनोऱ्याच्या बुडाशी अंगठा दाबून धरला आणि तो तसाच धरून, एका हातानं शोपका सावरत, गर्दीतून चालायला लागला. दुसरी बाजू किंगानं धरली होती. पुढे तांबडी टोपी. "व्हा बाजूला! आगीचा बंब येतोय!" स्रोकाबाई ओरडत होत्या, आणि लोक खरंच बाजूला होत होते.

शोपका पायरीवर टेकली, यादीत नाव लागलं. पंच बाईंनी चष्मा वर केला, शोपकेकडे पाहिलं आणि त्या गोंधळल्या. मागून कोणीतरी हसलंच. "अरे, म्हाताऱ्यानं मनोरे उलटे लावले!" हसू पायरीपायरीनं पसरायला लागलं.

रेमेकची मान ताठ झाली. एवढा मोठा गडी, बेगडीच्या मनोऱ्यावर अंगठा धरून उभा. "हसा," तो मोठ्यानं म्हणाला. "मलाही सकाळी कळलं नव्हतं."

तेवढ्यात बाराची तुतारी सुरू झाली. पहिली, राजाला. मिरवणूक हलली, शोपकांची झगमगती रांग डावीकडे वळली. रेमेकची दिव्यांची शोपका पायरीवर तशीच राहिली, राजे आपले एकटेच गोल फिरत होते. आणि आल्बिनमास्तर उजवीकडे वळले.

"अहो मास्तर, इकडे! बक्षिसाचा हॉल इकडे आहे!" पंच बाई ओरडल्या.

"येतो की! आधी घरी जाऊन येतो."

दुसरी तुतारी वाजली तेव्हा ते चर्चला वळसा घालत होते. तिसरीला धाकट्या चौकात शिरले. तिथं गर्दी नव्हती. कबुतरं, कोवळं ऊन आणि न तुडवलेला बर्फ. हसणाऱ्यांपैकी बरेचजण मागोमाग आले होते. पण चौकात आल्यावर त्यांनी वर बघितलं. छपरांच्या वर खरे मनोरे उभे होते, उंच उजवीकडे, बुटका डावीकडे. त्यांनी खाली शोपकेकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि एकेक करत टोप्या काढल्या.

खिडकी उघडली. बोझेनानं मामीला काखेत धरून उठवून बसवलं होतं. वरून चौथी तुतारी सुरू झाली.

मास्तर टोपी हातात घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच पंचासमोर उभं राहिल्यासारखे उभे होते. रेमेकनं अंगठा हळूच काढला. मनोरा हलला नाही.

फेलाबाईंनी बघितलं. गोल भिंत बघितली, छपरं बघितली, सफरचंदवाली बघितली. तुतारी नेहमीसारखी अर्ध्यावर तुटली, तुतारीवाल्यानं मनोऱ्यातून हात हलवला, पण आज पहिल्यांदाच त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"अगं बाई!" त्या बोझेनाला म्हणाल्या, पण आवाज सगळ्या चौकानं ऐकला. "एकदाचे मनोरे नीट लावले गं यानं!"

स्रोकाबाईंनी तांबडी टोपी काढून डोळे पुसले. थंडी होतीच.